सहा नंबरची चांगली पेशंट

"सहा नंबर फर्स्ट क्लास पेशंट आहे. कधी काही मागत नाही."

पडद्यापलीकडे लिसी सिस्टर नव्या आलेल्या फिलिपिनो सिस्टरला वॉर्ड समजावून देत होत्या. इंग्रजीत, पण केरळच्या चालीवर. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पाच नंबरपासून मात्र सांभाळून. तिला फक्त सुई हवी असते."

सहा नंबर म्हणजे मी. त्या वेळी मी डाव्या कुशीवर वळायचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून दिला होता आणि उशीचा कोपरा दातांत धरला होता. तरीही ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. शाळेत प्रगतिपुस्तकावर 'कंडक्ट: व्हेरी गुड' असा शेरा यायचा, तेव्हा वाटायचं तसंच.

पाच नंबर म्हणजे खुलूद. तिनेही ऐकलं होतं. ती माझ्याकडे तोंड करून पडली होती. तिला हसू आवरेना.

"फर्स्ट क्लास!" ती म्हणाली. तिचं हिंदी व्हिडिओवरच्या पिक्चरांतून आणि घरी कामाला असलेल्या बाईकडून आलेलं होतं. "तुमको सर्टिफिकेट देगा. घर में दीवार पे लगाओ."

मी उशीचा कोपरा तोंडातून काढला आणि हसले. मला सर्टिफिकेटच हवं होतं, हे तिला अजून माहीत नव्हतं.

*

दुखणं सुरू झालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. बहरीनमध्ये, मनामात एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात मालाचे कागद कॉम्प्युटरवर चढवायचं काम करायचे. काम आवडायचं, कारण कॉम्प्युटर बोलत नाही. बसून बसून डाव्या बाजूचं कमरेखालचं हाड दुखायला लागलं, तेव्हा खुर्ची बदलून घ्यावी असं वाटलं, पण ते मॅनेजरला सांगणं जमलं नाही. आई रोज तेल चोळायची आणि विचारायची, "ठणकतंय की कळ येते?" आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आमच्या घरातली ती पद्धतच होती. "इट्स ओके, आई."

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतून उठताच येईना. सगळे बाहेर जाईपर्यंत मी कॉम्प्युटरकडे बघत बसले. टेबलाची कड धरून मी कशी उठते, ते कुणाला दिसायला नको होतं.

एक्स-रे झाला, मग हाडाचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर हुदा बहरीनी होत्या. आवाज हळू, हातात सतत एक निळं पेन. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या आणि उत्तरं बाबा देत होते. ट्यूमर आहे, साधा नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांनी विचारलं, "मॅडम, सिक लीव्ह किती दिवसांची लागेल? तिच्या ऑफिसला तसं कळवायला हवं."

डॉक्टर हुदांनी पेनाचं टोपण लावलं. "आज ऑफिसचा विचार करू नका," त्या म्हणाल्या.

जुलै महिना होता. गाडीत बसल्यावर बाबा एसी लावायचे विसरले. स्टीअरिंगला हात लावता येत नव्हता. मग ते म्हणाले, "आईला मी सांगतो." घरी गेल्यावर आईला त्यांनी सांगितलं, "हाडात थोडं इन्फेक्शन आहे." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येस. इन्फेक्शन."

तिसऱ्या दिवशी आईने कपाटातला रिपोर्ट काढून वाचला. आईला इंग्रजी वाचता येतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

*

बाबांबद्दल लिहायला हवं, नाही तर पुढचं समजणार नाही.

बाबा एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत अकाउंटंट. मी चार वर्षांची असताना ते आम्हाला अलिबागहून इथे घेऊन आले. तेव्हापासून मी त्यांना किती काउंटरांसमोर उभं राहिलेलं पाहिलं असेल, सांगता येणार नाही. व्हिसाचं काउंटर, ओळखपत्राचं काउंटर, शाळेचं, मेडिकलचं. प्रत्येक ठिकाणी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: "नो प्रॉब्लेम, सर." साहेबाने भुवई वर केली की "नो प्रॉब्लेम, सर." माझ्याकडे बोट करून काही विचारलं की "शी इज फाइन, सर." मी त्यांच्या पँटला धरून उभी असायचे. परक्या देशात राहायचं तर कुणाच्या नजरेत भरायचं नाही, तक्रार करायची नाही, फाइल पातळ ठेवायची. हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. मी ते बघून शिकले.

इथे वाढलेल्या आमच्यासारख्या बऱ्याच मुलांना ही सवय असते. ती वाईट आहे, असं मी म्हणत नाही. तिच्यावर आमचं घर एकोणीस वर्षं चाललं. पण ही सवय घेऊन आजारी पडू नका.

*

केमोबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांनी माझ्या उलट्यांची वर्णनं वाचून काय करायचं? एवढंच सांगते, की आईने सहा महिने फोडणी दिली नाही. वासाने मला त्रास व्हायचा, म्हणून घरात सगळं उकडलेलं. बाबा डबा उघडून न बोलता खायचे.

मध्ये दोन महिने मुंबईला जाऊन रेडिएशन घेतलं. परत आल्यावर तीन महिने बरे गेले. मग दुखणं पुन्हा सुरू झालं, आणि आता ते मांडीतून खाली उतरायला लागलं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातून निखिलदादाचं पत्र आलं. निखिलदादा माझा मामेभाऊ. पत्रात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यांच्या राज्यात लोकांनी मतदान करून नवा कायदा आणला होता: डॉक्टरने लिहून दिलं तर पेशंटला गांजा जवळ बाळगता येतो, ओढता येतो. उलट्या थांबतात, दुखणं सुसह्य होतं. फोटोत डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई डॉक्टरचा कागद हातात धरून उभी होती. दादाने खाली लिहिलं होतं, 'रेवू, तुला इकडे आणता येईल का, बघतोय.'

बाबांनी कात्रण दोनदा वाचलं. मग मोरीत नळाखाली धरून त्याचा लगदा केला.

"अहो, कागद आहे नुसता," आई म्हणाली.

"इथे टपाल उघडून बघतात. त्याला अक्कल नाही? या देशात त्या शब्दासाठी तुरुंग आहे. तुरुंग, आणि मग पहिलं विमान."

"आमच्या आजोळी गुरांचं पोट धरलं की भांगेचा पाला देत," आई लगद्याकडे बघत म्हणाली. "गुरांना मिळायचं."

मी ती बाई विसरू शकले नाही. तिचा आजार काय, वाचेल की नाही, ते काही मला आठवत नव्हतं. तिला दुखतं, हे कुणीतरी सही-शिक्क्याने मान्य केलं होतं, एवढंच आठवत होतं.

पुढच्या भेटीत बाबा औषधं आणायला खाली गेले, तेव्हा मी डॉक्टर हुदांना त्या कात्रणाबद्दल विचारलं. मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. दचकून त्यांनी दाराकडे बघितलं.

"इथे ते शक्य नाही. बोलूही नकोस," त्या म्हणाल्या. "पण दुसरा कायदेशीर कागद आहे. मॉर्फिनचा. कमिटी तुला पेशंट म्हणून नोंदवते, एक कार्ड देते. मग औषध घरी ठेवता येतं, घरी घेता येतं. नाही तर ते फक्त हॉस्पिटलात, पलंगावर." मग त्यांनी विचारलं, "एवढं दुखतंय का तुला?"

मी म्हटलं, "आय अ‍ॅम मॅनेजिंग."

*

त्या कार्डाचा फॉर्म तीन पानी होता. उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी. रिकाम्या बाटल्या परत करीन, दुसऱ्या कुणाला देणार नाही, देशाबाहेर नेणार नाही, अशी बरीच कलमं. तिसऱ्या पानावर दोन चौकोन होते. 'आजार बरा होण्याची अपेक्षा आहे.' 'अपेक्षा नाही.' डॉक्टर हुदांनी दुसऱ्या चौकोनात त्यांच्या निळ्या पेनने खूण केली होती. त्याखाली घरच्या जबाबदार माणसाची सही हवी होती.

बाबांनी आयुष्यात न वाचता कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. त्यांनी तिन्ही पानं वाचली. तिसरं जास्त वेळ वाचलं. मग पेन शर्टाच्या खिशात परत लावलं.

"ही सही कमिटीसमोर केली तर चालेल ना?"

"चालेल," डॉक्टर हुदा म्हणाल्या.

मीही ते पान वाचलं होतं, वाकडं, बाबांच्या कोपराशेजारून. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत सगळे 'पुढचा कोर्स', 'पुढचा स्कॅन' असंच बोलत होते. एका चौकोनातल्या खुणेवरून मला कळलं, की मी बरी होणार नाही.

आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो. बाबा म्हणाले, "फॉर्मवर काहीही लिहितात. लिहावं लागतं त्यांना." मी म्हटलं, "आय नो."

*

कमिटी बुधवारी बसते. तीन डॉक्टर, एक लांब टेबल, टेबलावर टिश्यूचा डबा. अध्यक्ष वयस्कर होते. सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मायाळू. डॉक्टर हुदा भिंतीशी एका खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, फक्त विचारलं तर.

अध्यक्षांनी विचारलं, "सो, हाउ इज द पेन?"

"नो प्रॉब्लेम, सर," बाबा म्हणाले.

मला वाटतं, ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. समोर टेबल, टेबलामागे साहेब, हातात फाइल. पण एकदा निघाल्यावर ते थांबले नाहीत. "शी इज इम्प्रूव्हिंग, सर. शी इज अ व्हेरी स्ट्राँग गर्ल."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. किती?

तिथे येताना गाडीत मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले होते, रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला डोळे मिटत. पण दहा म्हणणं मला बढाई मारल्यासारखं वाटलं. आठ म्हटलं असतं तर बाबा खोटे पडले असते. मी म्हटलं, "थ्री."

डॉक्टर हुदांनी मान खाली घातली.

तीनला मॉर्फिन मिळत नाही. साध्या गोळ्या चालू ठेवा, आठ आठवड्यांनी परत या, असं अध्यक्षांनी सांगितलं. बाबांनी त्यांचे आभार मानले. कॉरिडॉरमध्ये बाबांची चाल बदलली होती. मशिनमधून त्यांनी माझ्यासाठी संत्र्याचा ज्यूस काढला. "बघ, त्यांनाही वाटतंय, तेवढं काही नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी वर्षभरात पाहिला नव्हता. मी सगळा ज्यूस प्यायले.

*

ते आठ आठवडे.

मी एका ठिकाणी दहा मिनिटांवर बसू शकत नव्हते, आडवी पडू शकत नव्हते. हॉलमधल्या सोफ्याच्या पाठीवर कोपरं टेकवून उभी राहायचे. आई माझ्यासमोर उभी राहून घास भरवायची. सलवारची नाडी हाडावर टोचायची, म्हणून आई बाब अल बहरीन या वेशीमागच्या बाजारात जाऊन सैल सुती झगे घेऊन आली, इथल्या बायका घरात घालतात तसे. स्वयंपाकघरातलं आईबाबांचं भांडण मला हॉलमध्ये ऐकू यायचं.

"तुम्ही तिला विचारलंत का एकदा तरी?"

"विचारलं ना त्यांनी. ती म्हणाली, तीन."

"तुमची मुलगी आहे ती. तीनच म्हणणार."

"मग काय करू? सही करू? त्या चौकोनाखाली सही करू मी?" आणि मग आवाज फुटल्यासारखा, "तू करशील?"

नळ सोडल्याचा आवाज आला.

मी त्या दिवशी आत जाऊन म्हणू शकले असते. एक वाक्य तर होतं. मला सगळी भीती त्या वाक्याची वाटत होती. मी ते म्हटलं, की चौकोनातली खूण खरी होणार होती. बाबा सही लांबवत होते, आणि मी त्यांना मदत करत होते. दोघं मिळून आम्ही माझा पाय जाळत होतो.

पाचव्या आठवड्यात चालता येईना, म्हणून वॉर्डात भरती केलं. सहा नंबर.

*

वॉर्डात मॉर्फिनचं इंजेक्शन माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, पण 'गरजेनुसार'. म्हणजे पेशंटने मागायचं, मग सिस्टर देणार. मी मागत नव्हते. सकाळी सहाला ताप बघायला येत, सातला चादर, आठला चहा आणि अंडं, दहाला राउंड. प्रत्येक जण विचारायचा, "पेन?" आणि मी म्हणायचे, "लिटल." मग ते गरजेनुसारचं इंजेक्शन कपाटात राहायचं.

खुलूद वीस वर्षांची. तिला सिकल सेल होता, जन्मापासूनचा. बहरीनमध्ये हा आजार घरोघरी आहे. वॉर्डात त्यांना सिकलर म्हणतात, आणि म्हणताना डोळे थोडे फिरवतात. दर दोन-तीन महिन्यांनी तिचं रक्त अडायचं, हाडंन्‌हाडं दुखायची आणि ती यायची. कळ आली की ती मोठ्याने ओरडायची, "इब्रा! इब्रा!" म्हणजे सुई. मला तिची लाज वाटायची. खरं सांगते. एवढं ओरडतं का कुणी?

कळ नसेल तेव्हा ती वॉर्डची राणी होती. तिची आई काळ्या अबायाखालून थर्मास काढून मला वेलचीचा चहा द्यायची. माझा झगा बघून खुलूद म्हणाली, "खलास, अब तुम बहरीनी. इधर ही शादी बनाओ." मी मुकाट पडून असले की कॉटच्या दांड्यावर चमचा वाजवायची. "ए हिंदी! सो गया कि मर गया?" हिंदी म्हणजे इथल्या अरबीत भारतीय. कुणी माझ्याशी 'मरणे' हा शब्द वापरला, तो त्या वर्षात फक्त तिने. ऐकून मला हलकं वाटलं होतं.

बाबा भेटायला आले, की ती बघत राहायची. सिस्टर विचारायच्या मला, उत्तर द्यायचे बाबा. ते गेल्यावर ती म्हणाली, "पैर तुम्हारा है कि पापा का?"

"माय फादर इज वरीड," मी म्हटलं.

"मेरा बाबा भी वरीड. लेकिन चिल्लाती मैं."

*

एका दुपारी तिला पुन्हा कळ सुरू झाली. त्याआधी तासभर आम्ही टीव्ही बघत होतो. त्यात एक जाडा माणूस खुर्चीवरून पडला आणि ती खूप हसली होती. आता ती गुडघे पोटाशी घेऊन घामाने भिजली होती आणि "इब्रा" म्हणत होती. तिच्या सुईला अजून दोन तास होते. ड्यूटीवर नवा डॉक्टर होता. तो दोन्ही पलंगांच्या मध्ये उभा राहिला आणि माझ्याकडे वळला. मी चांगली पेशंट होते ना. माझं इंग्रजी स्वच्छ होतं.

"मघाशी ही टीव्ही बघत होती? हसत होती?"

मी म्हटलं, "येस. शी वॉज लाफिंग."

ते खरंच होतं. त्याहून पुढचं मी बोलायला हवं होतं. ती हसतानाही पलंगाचा दांडा धरून होती. हसताना आणि रडताना तिची पकड सारखीच घट्ट होती. मी शेजारच्या पलंगावरून हे सगळं पाहत होते, दुसऱ्या कुणाला ते दिसणं शक्य नव्हतं. पण त्याने तेवढंच विचारलं होतं, आणि मी विचारलं तेवढंच सांगते.

डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुई नाकारली. खुलूद माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गात बाईंनी उभं केल्यावर शेजारच्या मुलीकडे बघतो, तसं. मग तिने तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिला श्वास लागला. पलंगासकट घेऊन गेले. तिच्या आईचा थर्मास स्टुलावर राहिला. मी लिसी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "चेस्टमध्ये गेलं, मोळे. आयसीयूत आहे." त्यांच्या मल्याळममध्ये मोळे म्हणजे पोरी. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "फक्त घरच्यांना सांगतात." पाच नंबरवर नवी चादर घातली. एक म्हातारी बाई आली. थर्मास कुणीतरी उचलून नेला. कोणी नेला असेल, यावर मी खूप विचार केला. तिची आई येऊन घेऊन गेली असेल, तर मग खुलूद आहे. मी त्या वेळी एक्स-रेला गेले होते.

मला आजही माहीत नाही.

*

लोक म्हणतात, अशा लेखात चांगलं काही लिहावं, वाचणाऱ्याला धीर येईल असं. मी शोधते आहे. लिसी सिस्टर माझी वेणी घालायच्या, केस पुन्हा जेमतेम बोटभर आले होते तरी. वेणी होत नव्हती, पण बोटं डोक्यावर फिरायची. बाबा ऑफिसातून थेट यायचे आणि माझ्या पायाच्या तळव्यावर हात ठेवून बसायचे, कारण तेवढीच जागा दुखत नव्हती. ती त्यांनी स्वतः शोधून काढली होती, कुणालाही न विचारता. आणि हो, वेलचीचा चहा.

कार्ड मला मिळालं, हे आता सांगून टाकते. हिरवं आहे, फोटो ऑफिसच्या वेळचा. दर पंधरा दिवसांनी बाबा रिकाम्या बाटल्या पिशवीतून नेतात आणि भरलेल्या आणतात. औषधाने दुखणं जात नाही. पुढच्या खोलीत जाऊन बसतं. त्या वेळात मी हे लिहिते. डॉक्टर हुदा आता पुढच्या स्कॅनबद्दल बोलत नाहीत. आईने फोडणी पुन्हा सुरू केली आहे. मला फार जेवण जात नाही, पण वास चालतो.

तुमच्या घरात न मागणारं कुणी पलंगावर असेल, तर त्याच्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवू नका. आणि ते तुम्हीच असाल, तर मला सांगता येईल असं एकच आहे: त्या दुसऱ्या बुधवारी काय झालं.

तीच खोली, तोच टिश्यूचा डबा. मला व्हीलचेअरमधून नेलं होतं. फॉर्मचं तिसरं पान टेबलावर उघडं होतं, सहीची जागा कोरी. डॉक्टर हुदा भिंतीशी. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सो, हाउ इज द पेन?"

शेजारी बाबांनी श्वास घेतला. तो श्वास मी चार वर्षांची असल्यापासून ओळखते. "नो प्रॉ..."

मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. इंग्रजीत माझ्या तोंडून पुन्हा 'थ्री' निघालं असतं, 'फाइन' निघालं असतं. म्हणून मी मराठीत बोलले. त्या लोकांना एक अक्षर कळणार नव्हतं, आणि बाबांना सगळं कळणार होतं.

"बाबा, थांबा. तुम्ही बोलू नका. मी सांगते तेवढंच त्यांना सांगा. दहा. मागच्या वेळी पण दहाच होतं, मी खोटं बोलले. आणि पाच नंबरची मुलगी खोटं बोलत नव्हती, हेही सांगा. मी शेजारी होते, मी बघत होते. मला खूप दुखतंय, बाबा. आता सही करा."